स्प्रिंग वायसर चपटा झाला म्हणजे नक्की काय झालं?

प्रश्न थोडक्यात असा आहे की कन्व्हेअरच्या ड्राइव्हची मोटर आणि गिअरबॉक्स एकाच बेसप्लेटवर बसलेत, एम १२ चे (१२ मिमी जाडीचे) ८.८ ग्रेडचे म्हणजे कडक बोल्ट, प्रत्येक नटाखाली एक स्प्रिंग वायसर, म्हणजे एका जागी कापलेली आणि टोकं वर-खाली केलेली स्टीलची रिंग. दर पंधरा-वीस दिवसांनी दोन-तीन बोल्ट ढिले सापडतात, वायसर काढून बघितला तर चपटा. मग जुना वायसर परत टाकला तर चालेल का, दोन एकावर एक टाकले तर जास्त पकड येईल का, आणि किती दिवसांनी बदलायचे?

पहिल्या दोन्हीचं उत्तर नाही. तिसऱ्याचं उत्तर दिवसांत देता येत नाही, ते शेवटी सांगतो. पण आधी एक गोष्ट डोक्यात बसवून घ्या, कारण मी स्वतः ती शिकायला बरीच वर्षं घेतली. चपटा वायसर हा आजार नाही, ते लक्षण आहे. नुसता वायसर बदलत राहिलात तर पंधरा दिवसांनी परत पाना घेऊन तिथेच बसाल.

बोल्ट धरून ठेवतो तो त्याच्यातला ताण. आपण नट आवळतो तेव्हा बोल्ट चक्क लांब होतो, आणि तो परत आखूड व्हायला बघतो म्हणून दोन्ही पार्ट दाबून धरले जातात. एम १२, ८.८ ग्रेड, साधारण ८०-८५ न्यूटन मीटर टॉर्क, म्हणजे नट फिरवायचा जोर, दिला की बोल्टमध्ये चाळीसेक किलोन्यूटन ताण येतो, म्हणजे जवळजवळ चार टन. आणि स्प्रिंग वायसर सपाट व्हायला किती लागतो? एक-दोन किलोन्यूटन. म्हणजे पूर्ण ताणाच्या पाच टक्क्यांच्या आसपासच वायसरची स्प्रिंग संपलेली असते, त्यापुढे तो नुसता कापलेला साधा वायसर. म्हणून बोल्ट नीट आवळलेला असेल तर वायसर चपटा दिसणारच, त्यात घाबरायचं काही नाही. उलट आवळलेल्या बोल्टखाली वायसरची टोकं अजून वर-खाली दिसत असतील तर तो बोल्ट ढिला आहे, टॉर्क रेंच (ठरवलेल्या टॉर्कला टक वाजणारा पाना) लावायचीही गरज नाही.

हे काही माझं एकट्याचं म्हणणं नाही. नासाने १९९० साली फास्टनरचं डिझाइन मॅन्युअल काढलं त्यातही हेच आहे, की पूर्ण टॉर्कला हा वायसर सपाट होतो आणि मग त्याची लॉकिंगची ताकद शून्य. जर्मन स्टँडर्डमधला डिन १२७, ज्या नावाने हे वायसर अजून विकले जातात, तो त्यांनी कधीच मागे घेतलाय. त्याच्याही आधी १९६९ मध्ये गेऱ्हार्ड युंकर नावाच्या जर्मन इंजिनिअरने दाखवून दिलं होतं की नट सुटतो तो मुख्यतः आडव्या हालचालीने. पार्ट एकमेकांवर आडवे सरकले, अगदी थोडेसे जरी, की आट्यांतलं आणि नटाखालचं घर्षण त्या क्षणाला जणू गायब होतं आणि नट आपोआप उलटा फिरत जातो. बोल्टच्या दिशेने होणारं व्हायब्रेशन तेवढं वाईट नाही. आता तुमचा ड्राइव्ह बघा, बेल्टचा ओढा आडवा, सुरू-बंद होताना गिअरबॉक्सला बसणारा झटका आडवा. सगळं आडवंच आहे.

मग स्प्रिंग वायसर टाकायचाच नाही का? असं नाही म्हणत मी. गार्ड, कव्हर, टर्मिनल बॉक्स, जिथे बारीक स्क्रू आहेत, टॉर्क कमी आहे, ४.६ सारखा मऊ बोल्ट आहे, तिथे तो काम करतो, निदान स्क्रू ढिला झाल्यावर लगेच गळून पडत नाही. आणि मशीनच्या ड्रॉइंगमध्ये दिलाय तर बनवणाऱ्याला विचारल्याशिवाय काढायचा नाही. फक्त त्याच्या जिवावर झोपायचं नाही एवढंच.

आता तपासणी. आधी मशीन बंद, मेन बंद, स्वतःचं कुलूप आणि टॅग लावून, कन्व्हेअर चढावर असेल तर बेल्ट मागे येणार नाही याची सोय करून. हे प्रत्येक वेळी सांगावं लागतं कारण "दोनच बोल्ट बघायचेत" म्हणून हात घालणारे मी बघितलेत.

पाना लावायच्या आधी नुसतं बघा, घाई करू नका. टॉर्च आडवी धरा. वायसरच्या कडेला तांबूस धूळ दिसतेय का? ती साध्या गंजासारखी चिकटलेली नसते, बोटाला पावडरसारखी लागते, आणि तेल असेल तर काळपट-लाल लेप होतो. ती धूळ म्हणजे पार्ट एकमेकांवर घासतायत, म्हणजेच सरकतायत, म्हणजे ताण गेलाय. माझ्यासाठी हा सगळ्यात पक्का पुरावा. दुसरं, नटाभोवती पेंट तडकलाय का, वायसरच्या बाहेर चकचकीत कडं दिसतंय का. तिसरं, मागच्या वेळी मार्कर मारला असेल तर रेघ जुळतेय का.

मार्करबद्दल जरा सविस्तर सांगतो कारण लोक तो चुकीचा मारतात. रेघ नटावरून, बोल्टच्या बाहेर आलेल्या आट्यांवरून आणि खाली बेसवर अशी सलग तिन्हींवर यायला पाहिजे. नुसती नट आणि बेसवर मारली तर नट-बोल्ट दोन्ही मिळून फिरले की नट सुटलाय असं उगाच वाटतं. आणि रेघ थोडी सरकली तर काय होतं असं म्हणू नका. एम १२ ची पिच, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर, १.७५ मिमी, आणि पार्ट एकदा टेकल्यानंतर पूर्ण ताण यायला नट हिशेबाने जेमतेम पंचवीस-तीस अंश फिरावा लागतो. म्हणजे रेघ दहा अंश मागे सरकली तर तुमचा जवळजवळ तिसरा हिस्सा ताण गेलेला आहे, आणि दहा अंश म्हणजे घड्याळात दोन मिनिटांच्या खुणांपेक्षाही कमी!

मग एक-एक बोल्ट उघडा. एक-एकच, सगळे एकदम नाही, नाहीतर अलाइनमेंट हलेल आणि वायसर बदलायला गेलात आणि कपलिंग लावत बसलात असं होईल. वायसर काढला की चिंधीने पुसून हातात घ्या. नवीन वायसर कडेने बघितला तर दोन टोकांत चांगली पायरी दिसते, मोकळी उंची जाडीच्या दुप्पट किंवा थोडी जास्त. एम १२ ला जाडी २.५ मिमी, उंची ५ च्या वर. तुमचा जुना वर्निअरमध्ये धरा, तीनच्या आसपास भरला तर तो मेला. मग टोकांवरून नख फिरवा. नवीन असेल तर धार नखाला अडते, जुन्याची धार गोल होऊन नख सरळ निघून जातं. ती धारच तर नटात आणि पार्टमध्ये रुतणार असते, तीच गेली तर राहिलं काय. आतून-बाहेरून व्यास बघा, नव्याचा बाहेरचा २१ मिमी असतो, जुना पसरून नटाच्या बाहेर डोकावत असेल तर कुणीतरी पाइप लावून आवळलंय. आणि तोंडाच्या बरोबर समोरची बाजू, जिथे सगळ्यात जास्त पीळ बसतो, तिथे केसासारखी चीर आहे का ते भिंगाने बघा. जस्ताचं प्लेटिंग केलेले कडक वायसर कधीकधी काहीच न होता असे तडकतात. प्लेटिंगच्या वेळी हायड्रोजन आत शिरतो, नंतर नीट भट्टीत तापवून तो काढला नसेल तर वायसर आवळल्यावर काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी आपोआप तुटतो. एकाच लॉटचे दोन-तीन तुटलेले दिसले तर अख्खं पाकीट बाजूला काढा.

वायसर बघून झाला की तो बसला होता ती जागा बघा, खरं उत्तर तिथेच असतं. नटाच्या खालची बाजू खरवडलीये का, भोक लांबट झालंय का, भोकात बोल्टच्या आट्यांचे ठसे उमटलेत का. ठसे असतील तर बोल्ट शिअरमध्ये काम करतोय, आडवा जोर अंगावर घेतोय, म्हणजे तुम्ही बोल्टला डॉवेल पिनचं (पार्ट आडवा सरकू न देणाऱ्या खुंटीचं) काम लावलंय आणि ते तो करणार नाही.

माझ्याकडे एकदा ब्लोअरच्या मोटरचं असंच झालं होतं. एम १६ चे चार बोल्ट, त्यातला एकच नेहमी ढिला, तोच कोपरा. तीन वेळा वायसर बदलले, एकदा चिडून दोन टाकले, एकदा लॉकिंगचं लिक्विड टाकलं, काही फरक नाही. शेवटी मोटर उचलली तर पायाखाली मस्त जाडजूड पेंट. बेस रंगवताना कुणीतरी मशिन केलेल्या पट्टीवरही ब्रश फिरवला होता, आणि त्यावर कुठलीतरी जुनी पत्र्याची शिम, म्हणजे उंची जुळवायची पट्टी. बोल्ट आवळला की पेंट दाबला जायचा, मशीन गरम झाली की तो अजून बसायचा, आणि ताण गेला. आता हिशेब बघा. तुमच्या एम १२ मध्ये पकडीची लांबी ४० मिमी धरली तर पूर्ण आवळल्यावर बोल्ट लांब होतो फक्त ०.०८ ते ०.०९ मिमी. पेंटचा एक जाड थर ०.१ मिमीचा. म्हणजे बोल्ट एकूण जेवढा लांब होतो त्यापेक्षाही पेंटचा थर जाड. तो अर्धा जरी चेपला तरी पकडीचा मोठा हिस्सा गेला, आणि नट तर एक अंशही फिरलेला नसतो. मार्करची रेघ जागच्या जागी आणि बोल्ट ढिला, असं कोडं दिसलं की मी आता सरळ पेंट, गंज, मऊ शिम, गॅसकेट हेच शोधतो.

त्या मोटरच्या पायाखालून सगळं खरवडून काढलं, डायल गेज (बारीक हालचाल मोजणारं घड्याळ) लावून एक-एक पाय ढिला करून बघितला, तो कोपरा ०.३ मिमी उचलत होता. ०.०५ च्या आत आणला, मोजून एकच स्टीलची शिम टाकली आणि विषय संपला. वायसर त्याच प्रकारचा, साधा स्प्रिंग वायसर. तुम्हीही पहिलं हेच करा.

बदलताना करायच्या गोष्टी. आटे वायर ब्रशने साफ करा, नट हाताने शेवटपर्यंत फिरला पाहिजे, मधेच अडकत असेल तर नट-बोल्ट दोन्ही बदला. साइज बघून घ्या, अर्ध्या इंची वायसर एम १२ वर बसल्यासारखा वाटतो पण एका बाजूला सरकून बसतो आणि नट तिरका दाबतो, एका डब्यात मिसळलेला माल असला की हे हमखास होतं. क्रम असा ठेवा, नट, त्याखाली स्प्रिंग वायसर, त्याखाली साधा वायसर, मग पार्ट. बेसला लांबट स्लॉट असतील तर जाड साधा वायसर पाहिजेच, पातळ पत्र्याचा टाकलात तर तो स्लॉटमध्ये वाटीसारखा वाकतो, परत तीच ताण जाण्याची गोष्ट.

दोन स्प्रिंग वायसर एकावर एक का नाही, तर दोन्ही त्याच एक-दोन किलोन्यूटनला सपाट होतात, पकड काही वाढत नाही, फक्त घासणाऱ्या आणि बसणाऱ्या जागा वाढतात. शिवाय एक टोक दुसऱ्याच्या तोंडात घुसलं की दोन्ही तिरके.

आवळताना समोरासमोरचे बोल्ट, दोन-तीन टप्प्यांत, आधी पूर्ण टॉर्कच्या ३० टक्के, मग ६० टक्के, मग पूर्ण. टॉर्कचा आकडा मशीनच्या पुस्तकातला घ्या, तो नसेल तरच वरचा ८०-८५. तोही किंचित तेल असलेल्या आट्यांचा आहे. आटे ग्रीस किंवा अँटिसीझने (आटे जाम होऊ नयेत म्हणून लावायची पेस्ट) भरलेत तर तेवढ्याच टॉर्कला ताण खूप जास्त येतो, कारण आपण देतो त्या टॉर्कपैकी साधारण दहा टक्केच ताणात जातात, बाकीचे नव्वद नटाखालच्या आणि आट्यांतल्या घर्षणात. घर्षण थोडं बदललं की सगळं गणित बदलतं. रेंच एकदा टक वाजली की थांबा, हौसेने तीनदा वाजवू नका.

एक फसगत सांगून ठेवतो. गिअरबॉक्सला काही बोल्ट नट नसलेले, आंधळ्या भोकात जाणारे असतात. तिथे कुणी म्हणालं स्प्रिंग वायसर काही कामाचा नाही, काढून टाका, आणि तुम्ही काढला, तर बोल्ट २.५ मिमी जास्त आत जातो आणि भोकाच्या तळाला टेकतो. टॉर्क रेंच छान टक वाजते, मार्कर लागतो, आणि पार्ट मात्र हाताने हलतोय. वायसर काढायचा तर तेवढा बोल्ट आखूड घ्या किंवा तेवढ्या जाडीचा कडक साधा वायसर टाका.

एवढं सगळं करूनही सुटतच असेल तर मग लॉकिंग बदला. माझी पहिली पसंती वेज लॉक वायसरला, जोडी असते, आत उताराचे मोठे दाते आणि बाहेर बारीक दाते. उताराचे दाते एकमेकांसमोर आले पाहिजेत, उलटे लावले तर काही उपयोग नाही. आतल्या उताराचा कोन आट्यांच्या कोनापेक्षा जास्त असतो म्हणून नट सुटायला लागला की जोडी जाड होते आणि बोल्ट आणखी ताणला जातो. पण त्याचे बाहेरचे दाते रुतायला हवेत, म्हणून खाली मोकळा फिरणारा साधा वायसर नको आणि थेट स्लॉटवरही नको. म्हणजे तुमच्या बेसला स्लॉट असतील तर तो पर्याय जपून. दुसरा पर्याय आट्यांवर टाकायचं लॉकिंगचं लिक्विड, मध्यम ताकदीचं, निळं. आटे स्वच्छ आणि तेल नसलेले पाहिजेत, आणि सुकल्यावर "जरा बघतो" म्हणून परत आवळायचं नाही, तो बंध तिथेच तुटतो. लाल जास्त ताकदीचं मी अशा ठिकाणी वापरत नाही, काढायला गॅसने तापवत बसावं लागतं. डबल नट लावणार असाल तर पातळ नट खाली आणि जाड नट वर, बहुतेक ठिकाणी उलटं लावलेलं दिसतं. नायलॉक नट (आत नायलॉनची रिंग असलेला) चालेल, पण तोही एकदा-दोनदाच, नट हाताने सहज फिरायला लागला की फेकून द्या.

जाता जाता, त्याच ड्राइव्हवर शाफ्टच्या बेअरिंगच्या लॉकनटाखाली जो दातेवाला वायसर असतो, ज्याची आतली जीभ शाफ्टच्या खाचेत बसते, त्याला वरचं काहीच लागू नाही. तो ताणाने धरत नाही, वाकवलेल्या दात्याने धरतो. एकदा वाकवलेला दाता सरळ करून परत वाकवू नका, तो मुळाशी तडकतो आणि तुटला तर थेट बेअरिंगमध्ये जातो. उघडला की नवीनच टाका. दाता खाचेसमोर येत नसेल तर नट थोडा पुढे आवळून जुळवा, मागे सोडून नाही, फक्त बेअरिंगचा क्लिअरन्स, म्हणजे आतली मोकळी जागा, तेवढं सोसतोय ना ते बघा. आतली जीभ कापली गेलेली सापडली तर कुणीतरी छिन्नी-हातोडीने नट मारून फिरवलाय, शाफ्टची खाच आणि आटेही तपासा.

राहिला किती दिवसांनी बदलायचे हा प्रश्न. मी असं करतो, बोल्ट कुठल्याही कारणाने उघडला की वायसर नवीन, त्यात विचार करायचाच नाही. न उघडलेल्या बोल्टला नुसती नजर. नवीन बसवल्यावर एक शिफ्ट चालवून थंड झाल्यावर परत टॉर्क तपासायचा, कारण पहिल्या काही तासांतच सगळं बसून घेतं, मात्र लिक्विड लावलेल्या बोल्टला हे नाही. मग आठवड्याने रेघ आणि लाल धूळ बघायची, दोन आठवडे काही दिसलं नाही तर महिन्यावर न्या. परत तोच बोल्ट सरकलेला दिसला तर वायसरचं पाकीट उघडू नका, जॅक आणि डायल गेज काढा.